कुंभार्लीची डावी बाजू

“डावीकडं म्हैस आहे,” मी म्हणाले.

“दिसतीय मला,” हे म्हणाले, आणि म्हशीच्या शेपटीला वारा घालत गाडी पुढं काढली.

दिसली नव्हती. नवरा खोटं बोलतोय हे कळायला चाळीस वर्षांच्या संसारानंतर त्याच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. म्हैस मागं पडल्यावर यांचा पाय ब्रेकवर गेला, त्यावरून मी काय ते ओळखलं.

पाटण नुकतंच मागं पडलं होतं. डिसेंबरातली सकाळ, आठ-सव्वाआठचा सुमार. आम्ही दोघंच कराडहून चिपळूणला निघालो होतो. आमची लेक वैजू तिकडं असते, तिच्या नव्या घराची दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती. माझ्या मांडीवर पिशवी होती. तिच्यात वैजूच्या देवघरासाठी घेतलेलं पितळेचं ताम्हण आणि पळी, आणि खाली रव्याच्या लाडवांचा डबा.

यांचं नाव हिंदुराव. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली अठरा वर्षं याच रस्त्यावर, कराड-चिपळूण. एवढ्या वर्षांत गाडीला साधं खरचटलं नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला, तो आमच्या देव्हाऱ्यात जोतिबाच्या फोटोशेजारी ठेवलाय. मी रोज त्याला हळदकुंकू लावत नाही एवढंच. रिटायर झाल्यावर यांनी जुनी मारुती घेतली, आणि मग कुठंही जायचं म्हणजे तीच. लग्नाला, मयताला, बाजाराला. एकदा जावयानं भाड्याची गाडी पाठवतो म्हटलं, तर हे दोन दिवस त्याच्याशी फोनवर बोलले नाहीत.

आणि यांचे डोळे गेले होते. म्हणजे सगळे नाही. समोरचं लख्ख दिसायचं, पेपर चष्म्याशिवाय वाचायचे, पण बाजूचं हळूहळू पुसत चाललं होतं. घरात पाण्याचे तांबे लवंडायला लागले, दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला. मी विचारलं, तर म्हणाले, “डोळे कोरडे पडलेत, डॉक्टरनी थेंब दिलेत.” मी विश्वास ठेवला. मग ऑगस्टमध्ये एकदा औषधाच्या दुकानात गेले, तर तो दुकानदार म्हणतो कसा, “काकी, काकांचे काचबिंदूचे ड्रॉप्स संपले असतील, देऊ का?”

“द्या,” म्हटलं, आणि तिथंच पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी एकटीच डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंबांनी टिकवायचं. मग विचारलं, “गाडी तर चालवत नाहीत ना?”

“छे हो,” मी म्हटलं.

आता सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? घरी येऊन म्हणायचं, अहो, गाडी सोडा? दोन वेळचं जेवण सोडा म्हटलं असतं तर ऐकलं असतं. सासूबाई गेल्या तेव्हा हा माणूस स्मशानातून येऊन दुपारच्या ड्युटीवर गेला होता, कारण बदली ड्रायव्हर नव्हता. त्याच्या हातातलं स्टिअरिंग मी कुठल्या तोंडानं काढून घेऊ? माझी काही हिंमत झाली नाही.

मग मी माझ्या पद्धतीनं केलं. भजनी मंडळात पेटी शिकायला जाते म्हणून सांगितलं आणि साठाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवायला मुल्ला मॅडम होत्या. वय तिशीचं, पण तोंड असं की बस. “काकी, क्लच आहे तो. शिलाई मशीनचं पायडल नाही.” मसूर रोडला रोज अर्धा तास मी रडकुंडीला यायचे आणि घरी येऊन भाकऱ्या थापायचे. एक दिवस हे म्हणाले, “इतकं शिकतीयस, एखादं म्हणून तरी दाखव.” मी म्हटलं, “अजून सूरच लागंना.” नोव्हेंबरात लायसन आलं. ते मी पाकिटात अगदी तळाशी सारलं आणि यांना सांगायला चांगला दिवस शोधत बसले. तो काही उगवेना. तेवढ्यात वैजूची वास्तुशांत आली.

“एसटीनं जाऊया का?” मी आदल्या दिवशी म्हटलं होतं.

“का? मी मेलोय का?”

विषय संपला.

तर पाटण मागं पडलं, आणि मी ठरवलं, कोयनानगरला चहाला थांबतील तेव्हा सांगायचं. कुंभार्ली घाट त्याच्या पुढं आहे, घाटाच्या अलीकडं सांगायचंच. चहाच्या टपरीसमोर गाडी थांबली. मी पाकिटात हात घालून लायसन चाचपलं, तोंड उघडलं, आणि टपरीवाला म्हातारा आतून ओरडत आला, “अरारा! हिंदुराव ड्रायव्हर!”

झालं. त्यानं यांना मिठीच मारली. चहाला थांबलेल्या चार लोकांना गोळा करून सांगायला लागला, की एका पावसाळ्यात घाटात दरड आली होती, आणि या माणसानं पन्नास पॅसेंजर बसवलेली गाडी दीड मैल उलटी आणली, रिव्हर्समध्ये, धुक्यात. “असा ड्रायव्हर पुन्हा व्हायचा नाही,” म्हणाला. हे नुसते हसत होते. एवढं मोकळं हसणं मी सहा महिन्यांत बघितलं नव्हतं. माझा हात पाकिटातून आपोआप बाहेर आला.

घाट सुरू झाला तेव्हा मी मनातल्या मनात जोतिबाला हाक मारली. दोन वळणं नीट गेली. यांना तो रस्ता पाठच होता, कुठं गिअर टाकायचा, कुठं हॉर्न द्यायचा, हात आपोआप चालत होते. पण रस्ता पाठ असला तरी रस्त्यावरची माणसं कशी पाठ असणार?

तिसऱ्या वळणाच्या पुढं दोन बायका मोळ्या घेऊन कठड्याच्या कडेनं समोरून येत होत्या.

“बायका आहेत. उजवीकडं घ्या जरा.”

“दिसतंय गं. चालकाशी बोलू नये, एसटीत लिहिलेलं असतं. चाळीस वर्षं झाली, तुला वाचता येईना.”

पुढची बाई समोरच होती, तिला यांनी व्यवस्थित टाळलं. मागची कडेला होती. खर्रर्र करून आवाज झाला आणि माझ्या बाजूचा आरसा मोळीत घुसून मिटला. मी वळून मागं बघितलं. बाई रस्त्यात बसली होती आणि लाकडं चहूकडं पसरली होती.

“काय वाजलं गं?” यांनी विचारलं.

या माणसाला कळलंसुद्धा नव्हतं.

“थांबा.”

“दगडबिगड उडाला असेल.”

“अहो, थांबा म्हणते ना!”

“घाटात असं कुठंही थांबत नसतात, शालन. खाली पोफळीला थांबू.”

पुढचं वळण दिसायला लागलं होतं. बायकोचं हा माणूस ऐकणार नव्हता, कधी ऐकलंय? मग कुणाचं ऐकतो? मला एकदम सुचलं. एसटीत ड्रायव्हर मागं वळून कंडक्टरचं तोंड बघत नाही. एक घंटी वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं, का आणि कशाला विचारायचं नाही. मी पिशवीतनं ताम्हण काढलं आणि पळी घेऊन जोरात एकदाच हाणली.

टण्ण!

यांचा पाय ब्रेकवर गेला. डोक्याला कळायच्या आधी गेला. गाडी कडेला, हँडब्रेक वर, गिअरमध्ये टाकून इंजिन बंद. मग हे माझ्याकडं वळले आणि आधी ताम्हणाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“बाईला लागलंय,” मी म्हटलं. “मोळीवाली होती. तुम्हाला दिसली नाही.”

आम्ही मागं चालत गेलो. बाई माझ्याच वयाची असेल. उठून उभी होती, लुगडं झाडत होती, आणि यांना बघताच कडाडली, “डोळं हायत का बटणं? जरा अलीकडं असते तर खाली गेले असते की दरीत!”

“चुकलं, बाई,” हे म्हणाले. “लागलं का तुम्हाला?”

“मला न्हाई, मोळीला लागलं.”

हे खाली बसले आणि लाकडं गोळा करायला लागले. समोरची उचलली. डाव्या हाताशी चार-पाच मोठी पडली होती, ती तशीच ठेवून पुढं सरकले. बाई बघत होती. मग तिचा आवाज एकदम उतरला. “ऱ्हाऊ द्या बाबा,” ती म्हणाली, “मी करते.” मोळी बांधून होईपर्यंत दोघी थांबल्या. मी डब्यातले सहा लाडू तिच्या पदरात घातले. तिनं यांच्याकडं न बघता मला विचारलं, “घरला न्यायला कोण हाय न्हवं?” मी मान हलवली.

त्या दोघी वळणाआड गेल्यावर हे कठड्यावर बसले. मी शेजारी बसले. खालून एक ट्रक कण्हत वर आला आणि गेला.

“तुला ठाऊक होतं?”

“ऑगस्टपासून.”

“मग माझ्याशेजारी बसलीस कशाला?”

“मग कुठं बसू?”

यांनी मान खाली घातली. माझा नवरा रडताना मी दोनदाच बघितलाय. एकदा वैजू सासरी गेली तेव्हा, आणि एकदा त्या कठड्यावर. मी पदर पुढं केला, तर त्यालाच नाक पुसलं.

“माणूस मारला असता मी आज,” म्हणाले. “बत्तीस वर्षं सांभाळलं, आणि आज माणूस मारला असता. तो बिल्ला परत देऊन टाकतो.”

“कुणी मागितलाय? मोळीची नोंद नसते एसटीत.”

हसायला आलं नाही त्यांना. “आता जायचं कसं? येणाऱ्या गाडीला हात करू. ही पडू दे इथंच.”

“मी चालवते.”

“काय चालवतीस? पेटी?”

मी पाकिटाच्या तळातून लायसन काढून हातात दिलं. यांनी ते समोर धरलं, वाचलं, उलटं करून वाचलं, पुन्हा सुलटं केलं. आरटीओवाल्यानं इतकं निरखलं नव्हतं. मला वाटलं, आता भडकणार. तीन महिने खोटं बोलले होते मी, घाट असो नसो, दोन शब्द ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

“म्हणून सूर लागंना होय,” हे म्हणाले. मग आणखी थोड्या वेळानं, “फोटो चांगला आलाय.”

“हो का?”

“घाट उतरलीयस कधी?”

“नाही.”

“मग ऐक. ज्या गिअरला गाडी चढते त्याच गिअरला उतरवायची. ब्रेकवर नाचायचं नाही, इंजिनला धरू द्यायचं. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. आणि मागून कुणी कितीही हॉर्न मारला तरी घाबरून कडेला जायचं नाही, त्याला गरज असेल तर तो जाईल.” बोलता बोलता उभे राहिले. मिटलेला आरसा नीट केला, माझ्यासाठी सीट पुढं ओढली, आणि मी ठेंगणी म्हणून मागची घोंगडी घडी करून खाली घातली. मग गाडीला वळसा घालून डाव्या दारापाशी आले आणि तिथंच अडकले. त्या दारानं आत बसायची सवयच नव्हती त्यांना. दार उघडलं, वाकले, डोकं आपटलं, आणि बसले. मी ताम्हण-पळी त्यांच्या मांडीवर ठेवली.

इंजिन सुरू केलं. “जाऊ का?” मी विचारलं.

हे समोर बघत राहिले. मी पुन्हा विचारलं नाही. एकदा हो म्हटलं की परत उजवीकडं बसायचं नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. तसं तोंडानं म्हणणं त्यांच्यानं झालं नसतं. मी क्लच दाबून बसून राहिले. पाय दुखायला लागला.

टण् टण्.

मी हँडब्रेक सोडला.

पहिली पाच मिनिटं त्यांनी मला जगू दिलं नाही. “सेकंड... सेकंड टाक! हॉर्न दे. आगं, वळणाच्या आधी हॉर्न, वळणावर काय वरातीत वाजवतीस काय! ब्रेक...” आणि स्वतःचा पाय असा खाली रेटत होते की पत्रा फाटला असता. शेवटी मी म्हटलं, “चालकाशी बोलू नये.”

गप्प झाले.

एक वळण गेलं, दोन गेली, तरी गप्पच. आता मला ते सोसेना. रागावले असतील, की पुन्हा डोळ्यात पाणी आलं असेल? रस्त्यावरनं नजर काढायची भीती वाटत होती. सरळ पट्टा आला तेव्हा चोरून बघितलं. यांनी मान पूर्ण वळवली होती आणि खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून बाहेर बघत होते.

“शालन.”

“काय हो?”

“ते खाली गाव कुठलं गं?”

“मला काय विचारता? रस्ता तुमचा आहे.”

“कौलं दिसतायत. आणि एक विहीर आहे, पायऱ्यांची.” थोडं थांबून म्हणाले, “अठरा वर्षं मी हा घाट चालवला. रोज दोन खेपा. मी हा बघितला नाही गं कधी.”

मी वळणाआधी हॉर्न दिला.

“मागं पॅसेंजर ओरडायचे, आहाहा, काय दिसतंय, ते बघा, ते बघा. मला वाटायचं, काय एवढं दिसत असेल? आपल्याला काय, काळा रस्ता आणि पांढरा कठडा.” मग एकदम, “थांबव. पुढं वडाखाली जागा आहे. थांबव म्हणतो ना!”

थांबवली. हे उतरले, कठड्याशी गेले आणि मान हळूहळू डावीकडून उजवीकडं फिरवत बघायला लागले. एकदम सगळं दिसत नव्हतं ना, म्हणून थोडं थोडं. दरीतलं धुकं विरत चाललं होतं, डोंगरामागं डोंगर निळे होत गेले होते. मीही तेव्हाच नीट बघितलं. एरवी मी यांच्या गाडीत बसले की पाठीशी उशी घेऊन झोपायचे.

“डॉक्टर म्हणाले, किती दिवस राहील सांगता येत नाही,” हे माझ्याकडं न बघता म्हणाले. “पाच वर्षं राहील, दहा राहील.”

“मग काय करायचं ठरवलंय?”

“बघून घेतो.”

कराड-चिपळूण यांच्या एसटीला अडीच-तीन तास लागायचे. त्या दिवशी आम्हाला सहा लागले. वडाखाली थांबलो, मग एका ओढ्याशी, मग कुणाच्या तरी परसातली सुपारीची बाग बघायला. वैजू फाटकातच उभी होती, फोन करकरून रडवेली झालेली. मला उजव्या दारातून उतरताना बघितल्यावर तिचं रडणंच थांबलं.

“आई? तू?”

“हिचंच सगळं,” हे म्हणाले. “दर दहा मिनिटाला गाडी थांबवते. हे बघा, ते बघा. उशीर होणार नाही तर काय?”

मी त्यांचं म्हणणं तसंच राहू दिलं.

त्याला आता अकरा वर्षं होतील. त्यानंतर आम्ही भटकलो. आंबा घाट, गगनबावडा, तापोळा, कुठं देवाला, कुठं नुसतंच. कुणी विचारलं, तिकडं काय काम होतं, तर हे म्हणायचे, बघायचं राहिलं होतं. पोचायची घाई कधी केली नाही. मीच कधीतरी वैतागायचे, की अहो, हा डोंगर मघाच्यासारखाच आहे. तर म्हणायचे, “मघाच्या डोंगराला खांदा होता. याला नाही.” आणि मान फिरवत थोडा थोडा बघायचे.

थेंबांनी आठ वर्षं साथ दिली. मग नळीतून बघावं तेवढंच उरलं, आणि गेल्या वर्षीपासून तेही नाही. उजेड कळतो, माणूस कळत नाही.

मला वाटलं, आता हे घरातून हलायचे नाहीत. या दिवाळीत वैजूकडं जायचं निघालं, तर मी भीत भीत म्हटलं, “तिलाच इकडं बोलावू का?”

“का? तुला चालवायचा कंटाळा आला?”

मग निघालो. मी एकाहत्तरची, हे सत्याहत्तरचे. घाट लागला. रस्त्यावर गाड्यांची वर्दळ होती, माझी नजर इकडं तिकडं हलवायची सोय नव्हती, आणि शेजारी हा माणूस अंधारात बसलेला. काहीतरी बोलावं, खाली काय दिसतंय ते त्यांना सांगावं, म्हणून मी हळूच मान वळवायला लागले.

“तू रस्त्याकडं बघ,” हे म्हणाले. “खालचं मी सांगतो.”

आणि सांगायला लागले. हे वळण संपलं की डोंगराला चीर पडल्यासारखी दिसते, तिच्यात एक पिवळं फुलणारं झाड आहे. मग पाण्याचा एक तुकडा चमकतो, सकाळीच फक्त. मग उतारावर एकटं घर, दारात लाल साडी वाळत असते, दर वेळी लालच, त्या बाईकडं दुसरी साडी नसावी. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं आणि सेकंड गिअरमध्ये गाडी उतरवत होते. मला काळा रस्ता आणि पांढरा कठडा एवढंच दिसत होतं. बाकी सगळा घाट मी त्यांच्याकडून बघितला.